जीन्सच्या कुंडीला जुलै महिना लागतो तेव्हा

मे महिन्यापासून एक मजकूर आमच्या फोंड्याकडच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. सार असं: 'ग्रो बॅगवर पैसे उडवू नका. शेवटी ते कापडच! जुनी जीन्स, फाटकी चादर, गोणपाट, तांदळाची गोणी, बाजारातली कापडी पिशवी, हाताला येईल ते घ्या आणि माती भरा. मुळांना हवा मिळते, झाड दुप्पट वाढतं, पाणी कमी लागतं.' खाली जोडलेले हात आणि एक गुलाब.

मी काटकसरीच्या बाजूचीच. आमच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे आहेत, मासळीवालीकडून मागून आणलेले थर्माकोलचे खोके आहेत, आणि त्यांत मिरची छान येते. त्यामुळे फुकटाला माझा विरोध नाही. पण हा मजकूर वाचून या वर्षी तीन घरांत जीन्सच्या कुंड्या उभ्या राहिल्या, म्हणून लिहिते.

'शेवटी ते कापडच.' इथेच पहिली गफलत. मुळांना हवा देणारी म्हणून जी ग्रो बॅग ओळखली जाते, त्या श्वास घेणाऱ्या कुंडीचं कापड विणलेलं नसतं. प्लॅस्टिकचे तंतू सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवलेलं ते जाड फेल्ट असतं. मूळ वाढत वाढत भिंतीशी पोचतं, तिथे कोरडी हवा लागून त्याचं टोक सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात. प्लॅस्टिकच्या कुंडीत तेच मूळ भिंतीला धरून गोल गोल फिरत राहतं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात झाडांच्या रोपवाटिकांसाठी अशा पिशव्या पुढे आल्या, त्या तर चक्क जमिनीत पुरायच्या होत्या. म्हणजे न कुजणं ही त्यांची पहिली अट होती. शिवाय आपल्याकडे 'ग्रो बॅग' म्हणून मिळणारी हिरवी पिशवी बहुतेक वेळा एचडीपीई नावाच्या चिवट प्लॅस्टिकची असते. ती श्वासबिस काही घेत नाही, टिकते मात्र चांगली. मजकूर लिहिणाऱ्याने फेल्टचे गुण, हिरव्या पिशवीची किंमत आणि घरातली चादर एकाच पातेल्यात ढवळली आहे.

'जुनी जीन्स, चादर.' सुती कापड म्हणजे सेल्युलोज, मातीतल्या बुरशी-जिवाणूंचं जेवण. अमेरिका-कॅनडातले काही शेतकरी मातीचा कस पाहायला पांढरी सुती चड्डी शेतात पुरतात आणि दोन महिन्यांनी उकरतात. माती जिवंत असेल तर फक्त इलॅस्टिक उरतं! आता विचार करा. तुम्ही शेणखत, गांडूळखत घालून जितकी चांगली माती कराल तितकी तुमची कुंडी लवकर खाल्ली जाणार. त्यात गोव्याचा पाऊस वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी मुलाच्या जीन्सचे पाय शिवून त्यात वांगी लावली होती. जूनमध्ये फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. ऑगस्टच्या शेवटी कुंडी सरकवायला गेले तर शिवण जागेवर, कापडच हातात आलं. शिवण पॉलिस्टरच्या धाग्याची होती, ती आजही आहे.

'गोणपाट.' ताग सुतापेक्षा थोडा दमदार, एवढंच. पावसाळी भेंडीला, अगदी आपल्या सातशिरांच्या भेंड्यालाही, गोणपाट पुरतं, कारण भेंडी संपेपर्यंत ते तग धरतं. हळद-आलं मात्र मे-जूनमध्ये लावून काढायला जानेवारी उजाडतो. तोवर तळ गेलेला असतो आणि कंद बाहेर डोकावतात. गोणी चिऱ्याच्या अंगणात थेट जमिनीवर टेकवली तर रोयण, म्हणजे वाळवी, लागते ते वेगळंच. पिशवी घेताना मी एकच हिशेब करते: पीक किती महिन्यांचं आणि पिशवी किती महिन्यांची.

'तांदळाची गोणी.' ही कुजत नाही, हे खरं. पण तिचा वैरी ऊन. ही गोणी पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली असते; त्यात ऊन सोसणारं द्रव्य मिसळलेलं नसेल तर गच्चीवरच्या उन्हात काही महिन्यांतच पट्ट्या ठिसूळ होतात आणि बोटाने चुरा होतो. चकचकीत छपाईच्या गोणीला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तिच्यातून हवाही जात नाही आणि पाणीही, खाली भोकं पाडावीच लागतात. १२ इंच रुंद, १२ इंच उंच गोल पिशवीत सुमारे २२ लिटर माती मावते, ओली झाली की वजन २५ किलोच्या पलीकडे. आमचं तीन वर्षांचं लिंबू अशाच गोणीत होतं. जिन्यावरून उतरवताना ती मधोमध फाटली. झाड वाचलं, जिना धुवायला दुपार गेली. सिमेंटच्या गोणीबद्दल एवढंच, की उरलेली पूड अतिशय अल्कधर्मी असते. 'त्यातून कॅल्शियम मिळतं' म्हणून न धुता वापरू नका.

'बाजारातली कापडी पिशवी.' ही कापडी नाहीच! दुकानातली ती मऊ, ठिपके-ठिपके दिसणारी पिशवी न विणलेल्या प्लॅस्टिकची असते. म्हणूनच तर ३० सप्टेंबर २०२१ पासून तिच्यावर प्लॅस्टिकच्या नियमांखाली किमान ६० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची) अट आली. कुंडीचं फेल्ट साधारण २०० जीएसएमच्या पुढचं. जात एकच, पण एक पापड आणि दुसरी भाकरी. उन्हात तिची भुकटी होते आणि ती भुकटी तुमच्याच मातीत मिसळते.

'पाणी कमी लागतं.' साफ उलट. ज्या भिंतीतून हवा आत जाते तिच्यातूनच ओल बाहेर जाते. एप्रिल-मेमध्ये माझ्या फेल्टच्या पिशव्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, शेजारच्या रंगाच्या डब्याला एकदा पुरतं. तेव्हा नळ एक दिवसाआड येत असेल तर डबाच बरा.

'झाड दुप्पट वाढतं' यावर फार शब्द घालवत नाही. फक्त एक गोष्ट. मुळाचं टोक सुकायला कोरडी हवा हवी, आणि आपल्याकडे जुलैत धुतलेला टॉवेलही वाळत नाही. ओल्या गच्च फेल्टवर शेवाळ धरतं, मुळं मजेत भिंत ओलांडून बाहेर येतात. या पिशवीचा खरा उपयोग दसऱ्यानंतर, आणि तोही लिंबू, कढीपत्ता, मोगरा अशा वर्षानुवर्षं राहणाऱ्या झाडांना. महिन्याभरात उपटायच्या भाजीची मुळं गोल फिरली तरी बिघडतं काय?

स्वस्तातच हवं असेल तर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (बांधकामात मातीखाली अंथरतात ते फेल्टसारखं कापड) मीटरवर मिळतं, ते आणून नायलॉनच्या दोऱ्याने शिवा. नाहीतर कपड्यांची जुनी जाळीदार टोपली घ्या, आतून शेडनेट लावा, तळाशी नारळाची सोडणं घाला. माझी अशी एक टोपली तिसऱ्या पावसाळ्यात आहे.

शेजारच्या वहिनींनी मजकूर वाचून आमच्याकडची उरलेली जीन्स मागितली. दिली. म्हटलं, वहिनी, पाऊस सरला की तांबडी भाजी पेरा हिच्यात, महिन्याभराने उपटा. तेवढे दिवस टिकेल ती.