‘लहान पिस्तूल, लहान धक्का’? उलटं आहे, साहेब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: मोठं मेटलचं पिस्तूल आता जुनाट झालं, कॉम्पॅक्ट (म्हणजे आखूड, हलकं) घ्या. धक्का कमी, निशाणा तोच, घरातल्या बायकामाणसांना चालवायला सोपं आणि मेटल फ्रेम (पिस्तुलाचा सांगाडा) म्हणजे लोखंड, जन्माला पुरतं. वर शेपूट, ‘नाईन एमएमसुद्धा (नऊ मिलिमीटर गोळीचं पिस्तूल) आता साध्या लायसन्सवर मिळतं’. मी मराठा लाईट इन्फंट्रीत वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो, म्हणून चौघांनी तो मलाच पाठवून ‘खरं काय वो?’ विचारलंय. चौघांना चारदा सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

धक्क्याचं तर साफ उलटं आहे. गोळी तीच, दारू तीच, तर मागे येणारा रेटाही तोच. तो पेलणारं पिस्तूल हलकं असलं की हाताला जास्त बसणार. भरलेली बैलगाडी खड्ड्यातून सावकाश जाते, रिकामी उसळते, तसंच. कोल्ट या अमेरिकन कंपनीचं १९११ नावाचं पिस्तूल घ्या: पोलादी फ्रेम, पाच इंची नळी, वजन साधारण १.१ किलो. त्याचंच आखूड भावंड कमांडर, अल्युमिनियमच्या फ्रेमचं, सव्वाचार इंची नळी, वजन पाऊण किलोच्या जरा वर. दोन्हींत गोळी .४५ इंचाचीच. हिशेब केला तर कमांडरच्या धक्क्याची ऊर्जा जवळपास दीडपट निघते. पुढे कोल्टनंच त्या लांबीचं पिस्तूल पोलादी फ्रेममध्येही काढलं.

शिवाय मूठ आखूड. फौजेत आम्ही वापरलं ते ईशापूरच्या कारखान्यातलं नाईन एमएम, ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या पिस्तुलाच्या घराण्यातलं. त्याच्या मुठीवर चारही बोटं बसतात. मूठही आखूड असलेल्या पिस्तुलात करंगळी मॅगझिनखाली (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीखाली) लोंबत राहते. दिसायला एवढीशी गोष्ट. पण पहिली गोळी सुटली की नळी वर उठते आणि तिला खाली आणायला तेच बोट कमी पडतं. दुसरी गोळी टार्गेटच्या वरून जाते. नवखा मग म्हणतो, ‘उस्ताद, पिस्तूल खराब आहे.’

‘निशाणा तोच’ हे अर्धं खरं आहे, आणि मेसेजवाल्याला नेमकं कुठलं अर्धं ते कळलेलं नाही. शिकंज्यात घट्ट आवळून झाडलं तर आखूड नळीसुद्धा गोळ्या एकाजागी घालते. पण आपण शिकंजा नव्हे. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत १६० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी साधारण साडेपंधरा सेंटिमीटर चुकते. हेच अंतर १३० असेल तर १९ सेंटिमीटर. चूक तेवढीच, दंड जास्त. गोळीचा वेगही आखूड नळीत थोडा घटतो, पण या अंतरावर त्याची काळजी मी करणार नाही.

बायकामाणसांना सोपं? एकदा स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढून तर बघा. लहान स्लाइड हलकी, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग बहुतेक वेळा कडक, आणि पकडायला जागा कमी. मनगटात जोर कमी असेल त्याला, मग तो बाप्या असो की बाई, बहुतेकदा मोठंच पिस्तूल ओढायला सोपं पडतं. बारीक हाताला मोठ्या पिस्तुलाची जाड मूठ मात्र आवळत नाही, हे मान्य. ते हातात धरूनच ठरवावं, मोबाईलवर नाही.

मेटल म्हणजे लोखंड, हेही चूक. बेरेटा ९२ या पिस्तुलाची फ्रेम अल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तो धातू पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा. ‘मग ती तडकणार’ असं कुणी म्हणेल, तर १९८० च्या दशकात अमेरिकन फौजेत गाजलेली याच पिस्तुलाची मोडतोड आठवावी: तुटून मागे आली ती स्लाइड, पोलादाची. त्यानंतर स्लाइड तुटली तरी फ्रेमवरून मागे निसटू नये म्हणून हॅमरच्या (घोड्याच्या) पिनचं डोकं मोठं केलं गेलं. आखूड पिस्तुलात स्प्रिंग मात्र सहसा लवकर थकते. जन्माला पुरेल असं त्यात काही नसतं, स्प्रिंगा बदलाव्याच लागतात.

कॉम्पॅक्टची खरी बाजू मेसेजात आलीच नाही. ते बाळगायला बरं. जीपमध्ये बसल्यावर मोठ्या पिस्तुलाची नळी मांडीत टोचते, शर्टाखाली फुगवटा दिसतो. आखूड असेल तर दिवसभर कमरेला असल्याचं विसरायला होतं. ज्याला ते फक्त बाळगायचंच आहे त्यानं खुशाल घ्यावं, पण मग सराव दुप्पट करावा.

राहिली नाईन एमएमची शेपूट. हे बोअर (नळीचं माप) सामान्य माणसाला निषिद्ध आहे. साध्या लायसन्सवर आपल्याकडे मिळतं ते मुख्यतः .३२ बोअरचं. आणि लायसन्सवर जी हद्द लिहिलीय तेवढ्यातच ते चालतं. सोयरीक कोल्हापूरला असते, लग्न कागलला असतं, म्हणून कोगनोळी नाका ओलांडण्याआधी आपल्या लायसन्सवर फक्त कर्नाटक लिहिलंय की आणखी काही, ते बघा. लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी दोघांच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे, म्हणून हेही लिहिलं.