काका, डावणीला मंत्र ऐकू येत नाही

परवा रात्री साडेनऊला धाकट्या काकांचा फोन. पिंपळगाव बसवंतच्या पुढे त्यांची दोन एकर थॉम्पसन द्राक्षं आहेत. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की त्यांच्या फोनला तीनच विषय असतात : ढग, डावणी (द्राक्षवेलीचा रोग) आणि मजुरी. या वेळी म्हणाले, "ताई, तू कॉलेजात ते आकड्यांचंच शिकवतेस ना? मग एवढं मोठं संशोधन झालं, तू आम्हाला सांगितलं कसं नाही?"

आणि त्यांनी मला तो मेसेज वाचून दाखवला. महिनाभरात सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा, कॉलेजच्या ग्रुपवर एकदा आणि वहिनींकडून एकदा, असा चार वेळा माझ्याकडे आला होता. चारही वेळा मी तो उडवला. तेव्हाच खाली दोन ओळी खरडल्या असत्या तर काकांनी ऐन ढगाळ हवेत सहा ओळींच्या दोन फवारण्या चुकवल्या नसत्या. म्हणून आता जरा लांबलचकच लिहिते.

मेसेज असा : "आंतरराष्ट्रीय संशोधन पत्रिकेत सिद्ध! एक, नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं, संस्कृत शिकलेलं मूल जगातली कोणतीही भाषा तीन महिन्यांत शिकतं. दोन, बागेत रोज मंत्र लावल्यास उत्पन्न ४२ टक्के वाढतं, डावणी-भुरी येत नाही, विषारी फवारण्या बंद करा. तीन, सामूहिक प्रार्थनेने दूरचा रुग्ण बरा होतो. चार, कामाआधी दहा मिनिटं ध्यान केल्यास कामगारांचं काम दुप्पट होतं. महिनाभर करून तर बघा, बिघडतंय काय?" खाली हात जोडलेले आणि एक पीडीएफ.

ती पीडीएफ कुणी उघडली असेल असं वाटत नाही. मी उघडली. सात पानं. भाषाशिक्षण, शेती, अध्यात्म आणि ऑफिसचं व्यवस्थापन असे चार विषय दोन लेखकांनी सात पानांत निकालात काढलेत. शेतीच्या वाट्याला दीड पान आलंय. 'फवारणी' हा शब्द त्या दीड पानात एकदाही नाही. 'विषारी फवारण्या बंद करा' ही भर मेसेज लिहिणाऱ्याने घातलेली आहे. काका ज्या वाक्यावर चालले ते मूळ निबंधात नाहीच.

आता त्या ४२ टक्क्यांचं. प्लॉट दोन. 'अ'मध्ये स्पीकर, 'ब'मध्ये नाही. चौथ्या पानावर लेखक स्वतःच सांगतात की 'अ'ला ठिबक आहे आणि 'ब'ला पाटाने पाणी. हे वाचून मी चष्मा पुसला. वेली किती, छाटणी कधी झाली, खत काय दिलं, काही नाही. खालच्या कोष्टकात मालाची प्रतवारी टक्क्यांत दिली आहे, तिची बेरीज १०७ येते. मी तीनदा केली. विद्यार्थ्याने प्रॅक्टिकलच्या वहीत असं आणलं असतं तर वही परत दिली असती.

काकांकडे मात्र पुरावा होता. "स्पीकर बांधाला लावला. बांधाकडच्या दोन ओळी एकदम स्वच्छ. आतल्या चार ओळींत पानावर तेलकट डाग, उलटं केलं की खाली पांढरं. म्हणजे आवाज आतपर्यंत पोचला नाही. अजून एक स्पीकर घ्यावा म्हणतो."

यावर हसू येतं, पण निरीक्षण म्हणून ते वाईट नाही. खरंच नाही. १८८२ साली फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेडॉक भागात मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाने अगदी असंच पाहिलं होतं. अमेरिकेतून आलेल्या डावणीने तिकडच्या बागा झोपल्या होत्या. पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून बागाईतदार रस्त्याकडच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळसर डाग दिसले की चोराला वाटावं, विष आहे. मिलार्डेने रस्त्याच्या धुळीला श्रेय दिलं नाही, गाड्यांच्या खडखडाटालाही नाही. त्या ओळींत वेगळं काय-काय आहे ते एकेक करून पाहिलं, गायाँ या रसायनतज्ज्ञाला सोबत घेतलं, प्रयोग केले आणि १८८५ साली छापलं. काकांच्या शेडमध्ये निळ्या पिंपात जे कालवतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, ते एक टक्क्याचं बोर्डो तिथून आलेलं आहे.

मी काकांना एवढंच विचारलं, "बांधापलीकडे कुणाची बाग?"

"अरे, तो तर रोज फवारणीचा ब्लोअर घेऊन उभा असतो. परवा माझ्या अंगावर..." आणि फोन गप्प झाला.

पुढचं मला बोलावं लागलं नाही. शेजाऱ्याच्या औषधाचा तुषार बांधावरून आत किती येतो ते मोजायला मी काही तिथे नव्हते. कडेच्या ओळींना वारा जास्त, पानं लवकर सुकतात, तेही कारण असेल. डावणीला ओलं पान लागतं. रात्रभर पान ओलं राहिलं आणि सकाळी ढग असले की तिचं काम झालं. घड नुकते बाहेर पडलेत, फुलोरा यायचाय, अशा वेळी ती घडावर गेली तर घडच जातो. पानावरची डावणी परवडली असं म्हणायची वेळ येते. आणि डाग दिसल्यावर औषध मारून मेलेला भाग जिवंत होत नाही, फवारणी करायची ती बुरशी आत शिरायच्या आधी. म्हणून 'महिनाभर करून तर बघा, बिघडतंय काय?' हा मेसेजमधला सल्ला मला सगळ्यात घातकी वाटतो. त्या महिन्यातच वर्ष बिघडतं. सोसायटीचं कर्ज मंत्राच्या नावावर नाही, काकांच्या नावावर आहे.

एक कबूल करते, आणि ते करताना दात-ओठ खाते. झाडांना कंपनं कळतात. २०१४ साली मिसुरी विद्यापीठातल्या अ‍ॅपल आणि कॉक्रॉफ्ट या दोघांनी दाखवलं की अळी पान कुरतडते त्याची कंपनं नुसती रेकॉर्ड करून झाडाला दिली, तर पुढे खरी अळी आल्यावर ते झाड संरक्षणाची रसायनं जास्त बनवतं. वाऱ्याच्या कंपनांनी तसं होत नाही. सुंदर काम आहे. पण ते मोहरीच्या कुळातलं एक छोटं झाड, पानाला थेट दिलेली कंपनं, आणि शत्रू अळी. यावरून बांधावरच्या स्पीकरने बुरशी पळते इथवर यायला मधल्या दहा पायऱ्या गाळाव्या लागतात.

"पण छापून आलंय ना? आंतरराष्ट्रीय आहे," हा काकांचा शेवटचा मुद्दा. सगळ्यांचाच असतो. त्याचं उत्तर दूरचं नाही. नाशिकची कॉलेजं ज्या पुण्याच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी पाहिली. ३४.५ टक्क्यांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटे नोंदणी क्रमांक, खोटे दर्जांक (इम्पॅक्ट फॅक्टर), असली-तसली माहिती दिलेली. ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असावीत, हा निष्कर्ष. हे रस्त्यावरच्या चोपड्यांबद्दल नाही, सरकारमान्य यादीबद्दल आहे. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द मुखपृष्ठावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

मला हे आतून माहीत आहे, कारण २०१६ साली मीही पैसे भरलेत. पदोन्नतीला गुण हवे होते. निबंध पाठवला, तिसऱ्या दिवशी स्वीकारला. तज्ज्ञाचा अभिप्राय दोन शब्दांचा, 'अतिशय छान'. माझ्या त्या निबंधात एक आकृती उलटी छापली गेली, ती आजही उलटीच आहे, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या अंकात माझ्या शेजारी योगावर एक, उसावर एक आणि बँकेतल्या ताणतणावावर एक निबंध होता. सगळेच अतिशय छान असणार. अजून मला त्यांच्या 'आदरणीय महोदय' अशा मेल येतात.

आता उरलेले मुद्दे. नासाचं आधी. १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने, जो नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत होता, 'एआय मॅगझिन'मध्ये लेख लिहिला. संस्कृत व्याकरणकारांची वाक्यार्थ उलगडायची शास्त्रीय पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडायची तेव्हाची पद्धत यांत साम्य आहे, असं त्याचं म्हणणं. विचार करण्यासारखं आहे. पण 'नासाने ठरवलं' हे त्यात कुठेही नाही. एका माणसाचा एक लेख आणि ४० वर्षं चाललेला हा गजर! पाणिनीच्या थोरवीला नासाचा शिक्का कशाला लागतो हेच मला कळत नाही. चार हजारांच्या आसपास सूत्रांत त्याने एक अख्खी भाषा बांधली, आणि १९६७ साली संगणकवाल्यांपैकीच एकाने पत्र लिहून सुचवलं होतं की संगणकभाषांचे नियम लिहायच्या ज्या पद्धतीला आपण बॅकस या संगणकतज्ज्ञाचं नाव देतो तिला पाणिनीचंही द्या. हे फॉरवर्ड करा की.

संस्कृतच्या मुद्द्याला जोडून पाठांतराने मेंदूत फरक दिसतो असंही सांगतात, ते अर्धं खरं आहे. हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २१ वैदिक पंडित आणि २१ इतर अशांच्या मेंदूच्या प्रतिमा ताडून पाहिल्या. पंडितांत स्मरणाशी संबंधित काही भाग जास्त भरलेले दिसले. पण ही लहानपणापासून हजारो तास घोकणारी माणसं, आणि मुळात चांगली स्मरणशक्ती असलेलीच त्या वाटेला जात असतील तर? एकदाच काढलेल्या प्रतिमेतून ते कळत नाही. तीन महिन्यांत कोणतीही भाषा हे तर त्यात नावालाही नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना दिवसभर बसवून शिकवते, तरी हिंदीला ४४ आठवडे धरते आणि जपानीला ८८.

प्रार्थनेचा मुद्दा चटकन संपतो. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर झालेला बेन्सन यांचा मोठा प्रयोग छापून आला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' हे ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना चालू होती पण ज्यांना नक्की माहीत नव्हतं त्यांच्यात ५२. काकू रोज सकाळी माझ्यासाठी दिवा लावते. तिने तो लावावाच. त्याचा हिशोब कुणी मागितलेला नाही.

राहिलं ऑफिस. ध्यानाने अस्वस्थता काही प्रमाणात कमी होते, २०१४ साली ४७ चाचण्या एकत्र करून गोयल आणि सहकाऱ्यांनी ते मांडलंय. मान्य. पण काम दुप्पट? हाफेनब्रॅक आणि व्होस यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. ध्यानानंतर लोकांचा कामाचा हुरूप कमी झाला, आणि काम होतं तेवढंच राहिलं. वाढलं नाही, घटलंही नाही. स्वाभाविक आहे, शांत बसलेल्या माणसाला फाइल कशाला आठवेल. माझा मावसभाऊ सातपूरला एका कारखान्यात आहे. तिथे हा मेसेज साहेबांपर्यंत पोचला आणि शिफ्टच्या आधी दहा मिनिटं ध्यान सुरू झालं. ती दहा मिनिटं कुठून आली? चहाच्या सुट्टीतून. पोरं डोळे मिटून चहाचं ध्यान करतात, असं तो म्हणतो.

त्या पत्रिकेच्या संपादकांना मी १०७ टक्क्यांबद्दल मेल लिहिली. वीस मिनिटांत उत्तर आलं : पुढच्या अंकासाठी मुदत वाढवली आहे, दोन निबंध दिल्यास सवलत.

काल काकांनी सगळ्या बागेला औषध मारलं. आतल्या चार ओळींतले घड किती वाचतात ते आठवड्यात कळेल. मग मलाच विचारलं, "स्पीकर काढू का?" मी म्हटलं, कशाला काढता, सकाळी बरं वाटतं तर वाजू दे. त्यावर त्यांना पुन्हा किडा चावला. खरं-खोटं एकदा करूनच बघू म्हणाले. इथे मात्र मी हरखले. कारण ज्या पद्धतीवर आज औषधांच्या चाचण्या चालतात ती शेतातच वाढली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रात फिशर हा संख्याशास्त्रज्ञ १९१९ साली गेला आणि कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे बांध, वारा, शेजारी आणि आपली लाडकी ओळ यांची लबाडी चालणार नाही, हे त्याने तिथे घोटून सांगितलं.

तर पुढच्या छाटणीला चोवीस ओळी घ्यायच्या ठरल्यात. बांधाकडच्या चार सोडून. आवाज शेजारच्या ओळीत जाणार, म्हणून तीन-तीन ओळींचे आठ गट, आणि मोजायची फक्त मधली ओळ. आठ चिठ्ठ्या, चार गटांना छोटे स्पीकर. फवारणी, पाणी, खत सगळ्यांना सारखं. डाग मोजणाऱ्या माणसाला स्पीकर कुठे होते ते सांगायचं नाही, म्हणजे काका मोजणार नाहीत, यावर जरा वाद झाला. चिठ्ठ्या काकू उचलणार आहे.