अळ्या दिसल्या म्हणून ढोर तीन दिवसांपूर्वी मेले असे ठरत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. मेलेल्या जनावरावर अळ्या दिसल्या की ते मरून किमान तीन दिवस झालेले असतात. अळी जितकी मोठी, तितके दिवस जास्त. भुंगे आले की महिना उलटला. आणि हे सारे न्यायवैद्यक कीटकशास्त्राने, म्हणजे कलेवरावरच्या कीटकांवरून मरणाची वेळ काढणाऱ्या शास्त्राने, सिद्ध केले आहे, असे त्याचे सार. एरवी असल्या मजकुराकडे मी दुर्लक्ष केले असते. परंतु वाघाने किंवा बिबट्याने मारलेल्या गुराची खबर 48 तासांच्या आत वन कर्मचाऱ्यांना द्यावी, अशी भरपाईची अट आहे. पंचनाम्याच्या वेळी कलेवरावर वळवळ दिसली की 'हे जुनेच मढे' असे म्हणायला हा मजकूर आयता हाताशी येतो. मी तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा तीन दिवसांचा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या शेजाऱ्यांचा गोऱ्हा साप चावून सकाळी सातच्या सुमारास मेला आणि धुऱ्यापलीकडच्या नाल्याकाठी नेऊन टाकला गेला. तिथे पोहोचून पंधरा मिनिटेही झाली नसतील, तोच निळसर-हिरव्या चमकदार अंगाच्या, तांबड्या डोळ्यांच्या माश्या त्याच्या नाकपुड्यांवर बसू लागल्या. दुपारपर्यंत नाकाच्या कडेला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत रव्याची चिमूट ठेवावी तसे अंड्यांचे पांढरे पुंजके दिसत होते; एकेक अंडे जेमतेम दीड मिलिमीटरचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टॉर्च घेऊन गेलो, तेव्हा नाकपुडीत बारीक अळ्या हलत होत्या. चोवीस तासही भरले नव्हते. यात नवल काहीच नाही, कारण आपल्या पावसाळी उकाड्यात या माश्यांची अंडी साधारण अर्ध्या दिवसात फुटतात. सार्कोफॅगा नावाची करडी माशी, जिच्या पाठीवर तीन काळे पट्टे असतात, ती तर अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच सोडते. तिच्या बाबतीत मरणानंतर काही तासांतच अळी सापडू शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या गुराख्यांना पुस्तकाविना ठाऊक आहे. जिवंत ढोराच्या जखमेतही किडे पडतात आणि आपण त्यावर सीताफळाचा पाला वाटून बांधतो किंवा टर्पेन्टाइनचा बोळा भरतो. क्रायसोमिया बेझियाना ही माशी तर जिवंत जनावराच्या जखमेतच अंडी घालते. बिबट्याच्या तावडीतून सुटलेली कालवड चार दिवस गोठ्यात तडफडून मेली, तर तिच्या मानेतल्या अळ्या तिच्या मरणाहून जुन्या असणार. केवळ अळीचे वय पाहून मरणाची वेळ ठरवणारा तिथे हमखास फसतो.

चूक उलट्या दिशेनेही होते, हे गावकऱ्यांच्या बाजूने बोलतानाही सांगितले पाहिजे. या माश्या रात्री सहसा अंडी घालत नाहीत, संततधार पावसात त्यांचे येणे रखडते आणि कलेवर ताडपत्रीत गुंडाळलेले असले तर आणखी उशीर होतो. संध्याकाळी मेलेल्या गाईवर माशीचे घड्याळ दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुरू होते. कीटकांवरून निघतो तो माशी कलेवरावर आल्यापासूनचा काळ, आणि तोही किमान. मजकूर लिहिणाऱ्याने शास्त्रातला हा 'किमान' तेवढा उचलला आणि त्याला मनचा आकडा जोडला.

मोठी अळी म्हणजे जास्त दिवस, हे ऐकायला पटते. पण अळीची वाढ मुख्यतः तापमानावर चालते आणि शेकडो अळ्या एका जागी गोळा झाल्या की त्या थव्याची स्वतःचीच ऊब भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक चढू शकते. शिवाय पोट भरलेली अळी पुढे आखडते, कलेवर सोडून निघते आणि पाल्याखाली किंवा मातीत शिरून कोष करते. सर्वांत जुना पुरावा अशा वेळी ढोरावर नसून दोन-चार हात दूर, मातीत तपकिरी दाण्यासारखा पडलेला असतो. तज्ज्ञ अळीची नुसती लांबी मोजून थांबत नाहीत. अळी कात टाकत तीन अवस्थांतून वाढते, म्हणून ते तिच्या शेपटाकडची श्वासरंध्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक रंध्रात दोन फटी असतात, तिसऱ्या अवस्थेत तीन.

भुंग्यांच्या महिन्याबद्दल फार लिहायला नको. कातडे आणि सुकलेले मांस खाणारे डर्मेस्टिस भुंगेरे कलेवर वाळू लागले की येतात, आणि वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांवर गेला की कातडे किती लवकर पापडासारखे होते, ते कोणीही पाहावे. भादव्यात तेच ढोर कितीतरी दिवस ओले राहते. (गिधाडे होती तेव्हा हा वादच उद्भवत नसे, भुंग्यांसाठी काही उरतच नव्हते.)

राहिले 'सिद्ध केले आहे'. कलेवरावर एकामागून एक येणाऱ्या कीटकांच्या आठ लाटांचा क्रम मांडणारे फ्रेंच पशुवैद्य झां पिएर मेन्यां यांचा ग्रंथ 1894 मधला आणि निरीक्षणे फ्रान्समधली. जेरी पेन यांनी 1965 मध्ये डुकराच्या पिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाचा. त्यात त्यांना 522 जातींचे प्राणी आढळले, आणि कीटकांना मज्जाव केलेली कलेवरे महिनोन्महिने आकार टिकवून वाळत राहिली. दोन्ही कामे थोर आहेत, पण तिथले दिवस ब्रह्मपुरीच्या धानबांधीला लावता येत नाहीत. आपल्याकडच्या क्रायसोमिया रुफिफेसिस या माशीच्या केसाळ दिसणाऱ्या अळ्या तर आधी आलेल्या दुसऱ्या माश्यांच्या अळ्याच खाऊन टाकतात, म्हणजे पहिली लाट आली होती याची खूणच पुसली जाते.

तेव्हा पंचनाम्यात 'अळ्या आढळल्या' एवढेच लिहून भागत नाही. अळ्या नाकात होत्या की गळ्याच्या जखमेत, कलेवर सावलीत होते की उन्हात, त्या वेळी तापमान किती होते, हे नोंदवावे आणि आसपासची माती चाळून पाहावी. थोड्या अळ्या गरम पाण्यात मारून मग स्पिरिटमध्ये ठेवाव्यात. जिवंतच स्पिरिटमध्ये टाकल्या तर त्या आखडून काळ्या पडतात. उरलेल्या जिवंत अळ्या कलेजीच्या तुकड्यावर, तोंडाला फडके बांधलेल्या बरणीत वाढू द्याव्यात, कारण माशी बाहेर पडली की तिची जात ओळखणे पुष्कळ सोपे जाते.