रंग बघून ड्रम परत पाठवणाऱ्यांनो

परवा आमच्या छोट्या कारखान्याकडे 200 किलो ऑर्थो-अमिनोफिनॉल परत आलं; रंग आणि औषधं बनवायला लागणारी ही पांढरी पूड. शुद्धता ठरल्याप्रमाणे, पाणी मर्यादेत, लोह मर्यादेत. शेरा एकच: "रंग नमुन्याशी जुळत नाही." नमुना कुठला, तर चीनहून आलेला, नायट्रोजनखाली सीलबंद बाटलीतला! आणि इथला ड्रम? गोदामाच्या शेडमध्ये, ऐन पावसाळ्यात, आतल्या प्लास्टिक पिशवीचं (लायनरचं) तोंड सोडून रात्रभर उघडा. नमुना घ्यायला माणूस आला दुसऱ्या दिवशी. अमिनोफिनॉल हवेत तपकिरी पडतं हे बी.एस्सी.च्या पोरालाही ठाऊक असतं. खरेदी खात्याला ठाऊक नाही, आणि फोन करून विचारायची तसदीही घेत नाहीत.

तो पांढरेपणा राखायला काय काय करावं लागतं! हायड्रोजनेशन झालं, म्हणजे नायट्रोफिनॉलला हायड्रोजन देऊन अमिनोफिनॉल बनलं, की कॅटॅलिस्ट (क्रिया घडवणारी पॅलेडियम-कार्बनची पूड) नायट्रोजनच्या दाबाखालीच गाळायचा, कारण तो फिल्टरवर कोरडा पडला की पेट घेतो. धुण्याच्या पाण्यात थोडं हायड्रोस, म्हणजे रंग चढू न देणारं सोडियम डायथायोनाइट. व्हॅक्यूम ट्रे ड्रायर 50-55 अंशांवर, आणि माल 40 च्या खाली आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. व्हॅक्यूम तोडायचा तोही नायट्रोजननेच. एखाद्या शिफ्टने घाईत हवा सोडली की वरचा थर चहाच्या रंगाचा झालाच म्हणून समजा. एवढं सांभाळलेला माल तुम्ही एका रात्रीत घालवता आणि दोष आमच्या नावावर?

वर मागणी 200 किलोची आणि भाव वीस टनांचा. 200 किलोला, 90 टक्के यील्ड (उतारा) धरून, 283 किलो नायट्रोफिनॉल लागतं, 7 घनमीटरचे 21 हायड्रोजन सिलिंडर लागतात आणि सुमारे 1,100 मेगाज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. एक लिटरच्या भांड्यातून हजार लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) गेलं की आकारमान हजारपट होतं, भिंत शंभरपटच वाढते. लिटरमागे थंड करायला दहावा हिस्सा जागा उरते. म्हणून लॅबमध्ये तासाभरात उरकणारं काम इथे हायड्रोजन जपून सोडत आठ-आठ तास चालतं. त्यानंतर पुढच्या प्रॉडक्टसाठी रिॲक्टर, लाइन, फिल्टर सगळं धुऊन तपासायचं. हा सगळा खर्च 200 किलोंवरच बसतो. कुठे लपवायचा तो?

आणि पैसे? कायद्यात 45 दिवसांची कमाल मर्यादा आहे, लघुउद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा, कलम 15. हातात पडतात 120 दिवसांनी, तेही दहा फोन केल्यावर. पहिल्या तीन ट्रायल बॅचचे तर कोणी देतच नाही, त्या "सॅम्पल" म्हणून हव्या असतात. 2020 ची 6,940 कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन देणारी) योजना 41 औषधी घटकांसाठी, तीही किमान क्षमतेच्या अटी घालून. वर्षाला दोन-पाच टन बनवणाऱ्याने तिकडे बघायचंसुद्धा नाही. नव्या प्रॉडक्टचं नाव प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या (कन्सेंटच्या) यादीत चढवायचं तर पुन्हा कागदांचा डोंगर. आणि मग सभांमध्ये हेच लोक विचारणार, देशात बनत का नाही?

आता हा माल पुन्हा गरम पाण्यात विरघळवायचा, रंग शोषणारा कोळसा आणि हायड्रोस घालून गाळायचा, थंड करायचा. थंड पाण्याच्या दर शंभर लिटरमागे सुमारे दोन किलो माल त्या पाण्यातच राहणार, आणि ते पाणी सीईटीपीला, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, जाणार. त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं, ते तरी त्या शेऱ्याखाली लिहायचं होतं!