फूट सगळ्यांना पाठ, क्युसेक कुणाला?

जुलै लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडे सुरू होतात. 'आयर्विनला 34.' 'आता 37, चढतंय.' आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, आकडे तिथल्या पाण्याच्या फुटांचे. सांगलीतले काका तरीही छत्री घेऊन पुलावर जातात आणि स्वतः बघून येतात. 40 फूट इशारा, 45 धोका, हे आम्ही पाढ्यांबरोबरच शिकलो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा मी कोलोनमध्ये ऱ्हाइनकाठी फोन हातात धरून बसलो होतो.

इथे काठावर पाणीपातळीचं घड्याळ आहे. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा डेसिमीटर. 8.30 मीटर झालं की जहाजं बंद. दर पंधरा मिनिटांची पातळी सरकारी संकेतस्थळावर येते आणि कुणीही ती उतरवून घेऊ शकतो.

आमच्याकडे मात्र वाद अलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाचा. कर्नाटकाला धरणाची पातळी 519.60 वरून 524.256 मीटरपर्यंत न्यायची आहे आणि सांगली-कोल्हापूरकरांच्या पोटात गोळा येतो. 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने 2020 मध्ये पुराचं खापर थेट अलमट्टीवर फोडलं नाही. ते अनेकांना आजही पटलेलं नाही. काकांना तर नाहीच.

माझं म्हणणं असं, की हा वाद फुटांवर सुटणार नाही. फूट म्हणजे पाण्याची उंची. नदीतून सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय, म्हणजे किती क्युसेक, ते कळायला वेग मोजावा लागतो, पात्राचा छेद घ्यावा लागतो, आणि तेही भर पुरात, वारंवार. सांगलीखाली कृष्णेला उतार कमी. हरिपूरला वारणा येऊन मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. खालची नदी भरलेली असेल तर तेवढंच पाणी सांगलीत जास्त चढतं. त्यालाच आपण फुगवटा म्हणतो. म्हणून चढतीचे 45 फूट आणि उतरतीचे 45 फूट म्हणजे सारखंच पाणी, असं धरून चालत नाही. अलमट्टीचा फुगवटा कुठवर पोचतो हे ठरवायचं तर हरिपूर, कुरुंदवाड, राजापूर बंधारा आणि पलीकडे कर्नाटकात हिप्परगी इथली एकाच वेळची पातळी आणि मोजलेला प्रवाह शेजारी-शेजारी मांडायला हवा. आपल्याकडे यंत्रं बसवली आहेत, धरणांचा विसर्ग रोज जाहीर होतो. पण दोन्ही राज्यांचे तासातासाचे आकडे, जुन्या पुरांसकट, एका जागी सगळ्यांसाठी उघडे हवेत. उंची वाढवायची की नाही, ते त्यानंतर भांडू.

जर्मनीचे गोडवे गायची माझी हौस मात्र 2021 ला फिटली. 14 जुलैच्या रात्री आर नदीने आल्टेनारचं मोजमाप केंद्रच वाहून नेलं. त्या खोऱ्यात 130 हून जास्त माणसं गेली. पुराचा अंदाज होता, पण गावोगावी वेळेत धोक्याची हाक गेली नाही. आठवडाभरात चिपळूण आणि महाड बुडालं. तेव्हापासून काका पुलावर निघाले की मी त्यांना अडवत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांना विचारलं, आयर्विनखालून आत्ता किती क्युसेक जातंय?

"कोयनेचं विचार, लगेच सांगतो," म्हणाले. "इथलं कोण सांगतंय!"