वेशीवर ओरडणारी बाई

शनिवारी ठाण्याच्या तलावपाळीवर नानांनी पुन्हा बंड्याच्या बुडालेल्या प्लॉटचा विषय काढला.

"मी सांगितलं होतं," नाना म्हणाले. हे वाक्य ते बहुधा झोपेतही म्हणतात. "डॅन्या, तुम्हा ज्यूंच्या बायबलातल्या नीतिसूत्रांत आहे ना? शहाणपण हाका मारतं, कुणी ऐकत नाही, मग संकट आलं की ते हसतं!"

"पहिला अध्याय. पण 'ते' नाही, 'ती'. हिब्रूत होखमा, म्हणजे शहाणपण, बाई आहे. चव्हाट्यावर, वेशीच्या तोंडाशी उभी राहून ओरडते. वेशीत पंच बसायचे, निवाडे व्हायचे. म्हणजे वेळेवर आणि चारचौघांत. तुम्ही सौदा झाल्यावर तीन महिन्यांनी बोललात."

नानांना खोकला आला.

बंड्याला धीर आला. "पण बुडत्याला हसते ती कसली शहाणी? वर म्हणे, नंतर हाका मारल्या तर ओ देणार नाही!"

"शिक्षा ती देतच नाही रे. म्हणते, आपल्याच वागण्याचं फळ खा. ही सूत्रं शलमोन राजाच्या नावावर आहेत, आणि त्याचाच पोरगा रहबाम. गादीवर आला तेव्हा लोक म्हणाले, बापानं लादलेलं जू जरा हलकं कर. म्हाताऱ्यांनी एक सांगितलं, बरोबर वाढलेल्या दोस्तांनी भलतंच. यानं दोस्तांचं ऐकलं. 'बापानं चाबकानं मारलं, मी विंचवांनी मारीन.' इस्राएलच्या बारा वंशांतले दहा फुटून गेले."

"पोरवय!" मी म्हणालो.

"४१ वर्षांचा होता."

"म्हणजे दोस्त कट्ट्यावरचेच," बंड्या म्हणाला.

नानांनी मांडीवर थाप मारली. "बघा! वडीलधाऱ्यांचं ऐकायचं असतं!"

"वडीलधारे काय म्हणाले ते ऐका की, नाना. म्हणाले, आज तू लोकांचा चाकर हो, त्यांच्याशी दोन गोड शब्द बोल. प्लॉट गेल्यापासून तुम्ही बंड्याशी एक तरी बोललात?"

नाना गप्प. (मला हे फार आवडलं, हे लपवत नाही.) मग त्यांनी चहावाल्याला हाक मारली आणि हिशेब डॅन्याकडे सरकवला.

"शब्बाथ आहे, आमचा विश्रांतीचा वार. पैशाला हात लावत नाही."

"सूर्य कधीच मावळला!"

"तो संपायला तीन तारे दिसायला हवेत."

"दर शनिवारी ढग तुझ्याच बाजूचे कसे रे?" बंड्या मान वर करून शोधायला लागला. "एक... दोन... ते विमान धरू का?"

चहावाला म्हणाला, "धरा हो, मला दुकान बंद करायचंय."