‘एक क्लिक आणि काम खल्लास’: जीएसटी ऑफिसातलं ऑटोमेशन खरंच असं चालतं का?

अकाउंटंट मंडळींच्या ग्रुपांवर एक दावा सतत फिरत असतो. ब्राउझरमधलं तेच ते काम आता टूल करतं. खर्च नाही, कोडिंग नाही, कॅप्चाही आपोआप सुटतो, एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको. तेव्हा ऑपरेटरचा पगार वाचवा. मी करसल्लागारांच्या ऑफिसांत हीच टूल्स बसवून देते आणि ती वापरावीत असंच सगळ्यांना सांगते. म्हणूनच या दाव्यातलं काय खरं आणि काय खोटं, ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

खर्चाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम हे टूल २००४ पासून आहे आणि फुकट आहे. आपले क्लिक रेकॉर्ड करून तेच काम पुन्हा करणारं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज १० वाल्यांना मोफत दिलं. मात्र फुकटचं कुठलंही एक्स्टेन्शन टाकताना ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते, ती नीट वाचा. त्याच ब्राउझरमध्ये क्लायंटची नेट बँकिंगही उघडते.

पॉवर ऑटोमेटसारख्या टूलला कोडिंग लागत नाही, हेही मान्य. पण ‘फाइल आली नाही तर काय करायचं’ हे टूलला सांगावंच लागतं, आणि ते सुचायला काम माहीत असावं लागतं.

कॅप्चाचा मुद्दा मात्र मला धोक्याचा वाटतो. यंत्राने आत येऊ नये म्हणूनच पोर्टलने तो ठेवलेला असतो. तो सोडवून देणाऱ्या काही सेवा ते चित्र दुसरीकडे बसलेल्या माणसाकडे पाठवतात आणि तो माणूस नगावर पैसे घेऊन अक्षरं टाइप करतो. आपल्या क्लायंटच्या लॉगिनच्या वाटेवर असा अनोळखी माणूस कशाला हवा? मी फ्लो, म्हणजे टूलला शिकवलेली पायऱ्यांची साखळी, तिथेच थांबवते. ऑपरेटर कॅप्चा भरतो आणि पुढचं टूल करतं. ऑफिस मोठं असेल तर जीएसटी सुविधा प्रोव्हायडर, म्हणजे मान्यता असलेल्या कंपनीमार्फत एपीआयचा (सॉफ्टवेअरने पोर्टलशी थेट बोलण्याचा) रीतसर रस्ता आहे. त्यात करदाता स्वतः पोर्टलवर जाऊन मुदतीपुरती परवानगी देतो.

आता ‘एकदा बसवलं की बघायला नको’. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी पोर्टलवर टाकलेल्या बिलांवरून बनलेलं खरेदीचं विवरण. प्रत्येक क्लायंटचं लॉगिन, रिटर्न डॅशबोर्ड, वर्ष, तिमाही, महिना, सर्च, डाउनलोड, मग फाइलला नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये टाकायची. टूलला द्यावं असं काम हेच, यात शंका नाही. पण लॉगिननंतर पोर्टल मधेच एखादी सूचना समोर आणतं, बटणाची जागा बदलते, आणि फ्लो अडकतो. अडकला तर निदान कळतं तरी. खरी भीती न अडकता चुकण्याची असते. ड्रॉपडाउनमध्ये मागचाच महिना राहिला, फाइल व्यवस्थित उतरली, नाव मात्र या महिन्याचं लागलं. खरेदीच्या नोंदींशी पुढचं सगळं मॅचिंग मग चुकीच्या आकड्यांवर होतं. म्हणून माझ्या प्रत्येक फ्लोमध्ये फाइल उघडून आतला जीएसटीआयएन (करदात्याचा जीएसटी नंबर) आणि महिना ताडून पाहण्याची पायरी असतेच. १५ अक्षरांचा तो नंबर जुळला नाही तर फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि ती माणूस बघतो. असली पायरी रेकॉर्डिंग करून मिळत नाही, ती विचार करून घालावी लागते.

राहिला ऑपरेटरचा पगार. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) प्रमाणे बिल २बीमध्ये दिसल्याशिवाय क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आली. त्यात पुरवठादाराने टाकलेलं बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं हे आपण ठरवायचं, आणि काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. टूलला ‘सगळी स्वीकार’ असं शिकवणं सोपं आहे. पण माल आलाच नाही, रेट चुकलाय, बिल दुसऱ्याच पार्टीचं आहे, हे परचेस रजिस्टर रोज हाताळणाऱ्या माणसालाच दिसतं. हा निर्णय टूलकडे देऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. डाउनलोडचं काम सुटलं की त्या माणसाला २० तारखेच्या ३बीआधी (कर भरायच्या मासिक रिटर्नआधी) मिसमॅच, म्हणजे न जुळणारी बिलं, बघायला वेळ मिळतो. ज्या पार्टीने बिल टाकलंच नाही तिला फोन करता येतो, म्हणजे निदान पुढच्या २बीत तरी ते येईल.

आणि कुठली पायरी कंटाळवाणी आहे, कुठल्या पायरीला डोळे उघडे ठेवावे लागतात, हे त्या ऑपरेटरलाच माहीत असतं. फ्लो बसवताना मी मालकाच्या आधी त्याच्याशेजारी बसते.